दहाही यंत्रे चालू करून तपासली

वस्तू वापरली की झिजते आणि कुलपात ठेवली की टिकते, हे आपल्या लोकांच्या डोक्यात ज्याने कुणी भरवलं, त्याला मला एकदा समोर बसवून चार शब्द सुनावायचे आहेत. सोनं टिकत असेल. पितळेची भांडी टिकत असतील. कॉम्प्युटर टिकत नाही. त्याच्या पॉवर सप्लायमध्ये अंगठ्याएवढ्या गोल डब्या असतात. आम्ही जुने मेकॅनिक त्यांना कंडेन्सर म्हणतो, शिकलेले लोक कपॅसिटर म्हणतात. डबीच्या आत ओलसर कागद गुंडाळलेला असतो. तिला अधूनमधून वीज मिळत राहिली तर ती तब्येतीनं राहते. वर्षानुवर्षं उपाशी ठेवली, वरून पत्र्याच्या खोलीतला मराठवाड्याचा उन्हाळा दाखवला, तर आतला ओलावा सुकतो. मग एक दिवस कुणीतरी एकदम पूर्ण दाबाची वीज सोडतं आणि ती फुगते, फुटते, धूर सोडते. आणि लोक म्हणतात, ज्यानं बटन दाबलं त्यानं जाळलं.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. १९८२ साली मी बदनापूरजवळच्या आमच्या गावातून जालन्याला आलो आणि जुन्या जालन्यात एका रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात काम शिकायला लागलो. कुणी दहा वर्षं माळ्यावर पडलेला रेडिओ घेऊन यायचं आणि म्हणायचं, लावून बघा जल्दी. मी प्लग हातात घेतला की उस्ताद माझं मनगट धरायचे. म्हणायचे, "अरे, ये सोया हुआ है. सोते आदमी को लात मारके नक्को उठाव." मग ते वायरमध्ये शंभरचा बल्ब लावायचे, म्हणजे वीज आधी बल्बातून जाणार आणि रेडिओला थोडी थोडीच मिळणार. तासभर तसंच ठेवायचे, चहा प्यायचे आणि मग बल्ब काढायचे. बहुतेक कंडेन्सर असे जगायचे. जे मेलेलेच असायचे, ते निदान कुणाच्या तोंडावर फुटायचे नाहीत.

पुढं टीव्ही दुरुस्तीची दुकानं गल्लोगल्ली झाली, तेव्हा मी औरंगाबादला जाऊन कॉम्प्युटर शिकून आलो. पेटी बदलली, आतली डबी तीच होती. जिल्ह्यात तेव्हा कॉम्प्युटर उघडून बघायची हिंमत असलेली माणसं मोजकी. त्यामुळं बँका, कारखाने, शाळा, सगळीकडून बोलावणं यायचं. लोक इंजिनिअर साहेब म्हणायचे आणि मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू.

१९९६ साली तीर्थपुरीच्या पुढं एका गावात एका संस्थेच्या शाळेला दहा कॉम्प्युटर मिळाले. गावाचं नाव लिहीत नाही. तिथली लेकरं आता मोठी झालीत आणि त्यांचा यात काही दोष नाही. बसवायला मीच गेलो. नऊ मशीन भिंतीला लागून ओळीनं मांडले आणि त्यांची वायर एकाच मेन स्विचवर घेतली, म्हणजे एक खटका पाडला की नऊही चालू. दहावा, खरं म्हणजे एक नंबरचा, शिक्षकांच्या टेबलावर होता. त्याचा प्लग वेगळा, स्टॅबिलायझर वेगळा.

उद्घाटनाला पुढारी दोन तास उशिरा आले. नारळ फुटला आणि त्याचं पाणी एका की-बोर्डवर उडालं. मी धावत जाऊन रुमालानं पुसलं, तर मुख्याध्यापकांनी डोळे वटारले, प्रसाद पुसतो म्हणून. दहाही पडदे उजळले, टाळ्या झाल्या, फोटो झाले. पुढाऱ्यांची जीप वळली आणि मुख्याध्यापक म्हणाले, "बस्स, बंद करा आता. गरम होतील." मी मेन स्विच वर केला. त्या दिवशी बंद झालेले ते नऊ कॉम्प्युटर पुढची सात वर्षं कुणी चालू केले नाहीत.

सात वर्षं. ही गोष्ट सांगताना आजही माझं पित्त खवळतं. खोलीच्या दारावर पाटी होती, पादत्राणे बाहेर काढावीत. खिडक्यांना जाड पडदे. प्रत्येक मशीनवर प्लॅस्टिकचं कव्हर. खोलीची किल्ली मुख्याध्यापकांच्या करदोड्याला बांधलेली, आणि ती सोडायची म्हणजे त्यांना शर्ट वर करावा लागायचा, म्हणून ती सहसा सुटायचीच नाही. पोरांनी कॉम्प्युटर बघितले ते खिडकीच्या फटीतून. वर्षातून एकदा, दसऱ्याला, खोली उघडायची. शस्त्रपूजेसारखी पूजा व्हायची. प्रत्येक पडद्याला हळदीकुंकवाचं बोट, वर आपट्याची पानं, समोर नारळ. मात्र चालू करायचं नाही. का, तर म्हणे पूजेत लाईट गेली तर मशीन बसंल आणि अपशकुन होईल. मुलांच्या हातात द्यायला आलेली वस्तू यांनी देव्हाऱ्यात बसवली आणि देव्हाऱ्यातच मारली.

आता माझं पाप सांगतो. ते मागं ठेवून बाकीच्यांवर तोंडसुख घ्यायचा मला हक्क नाही. त्या कॉम्प्युटरांच्या देखभालीचं काम माझ्याकडं होतं. दर मार्चमध्ये मी एसटीनं जायचो. मुख्याध्यापक ऑफिसात बसवायचे, चहा मागवायचे, कागद पुढं सरकवायचे. कागदावर एकच छापील वाक्य होतं: दहाही यंत्रे चालू करून तपासली, सुस्थितीत आहेत. पहिल्या वर्षी मी म्हटलं, "सर, एकदा खोली उघडा, बघून घेतो." ते म्हणाले, "कव्हरं घातलेली हायेत, पूजेची फुलं तशीच हायेत. कशाला हात लावता? कोण वापरून राह्यलं त्यांना, खराब व्हायला?" मी सही केली. दुसऱ्या वर्षी विचारलंसुद्धा नाही. सात वर्षांत सात सह्या. काय होतंय ते मला ठाऊक होतं. उस्तादांनी मनगट धरून शिकवलेलं मला ठाऊक होतं, आणि मी चहाचा कप खाली ठेवून सही करत होतो.

२००१च्या सुमारास शाळेत विज्ञानाच्या नवीन बाई आल्या. शिक्षणसेवक म्हणून, म्हणजे तीन वर्षं तात्पुरत्या. तीन वर्षं नीट गेली तर कायम, नाही तर घरी. माहेर वडीगोद्रीकडचं, बौद्ध घरातल्या, घरात नोकरी करणाऱ्या पहिल्या. राहायच्या अंबडला खोली करून आणि रविवारी जालन्याला येऊन कॉम्प्युटरचा क्लास करायच्या. एकदा माझ्या दुकानात माऊस दुरुस्त करायला आल्या होत्या, तेव्हा ओळख झाली. दुसऱ्याचा माऊस होता, मैत्रिणीचा. मी माऊसच्या पोटातली गोळी काढून आतली घाण नखानं खरवडली. त्या म्हणाल्या, "एवढंच हाय व्हय? मंग हे मी पोरांना पण शिकवीन." मला ते बोलणं फार आवडलं होतं.

शाळेत आल्यापासून त्यांनी त्या खोलीची किल्ली मागायला सुरुवात केली. उन्हाळ्यात मागितली तर गरम होतील. पावसाळ्यात मागितली तर ओल धरतील. थंडीत परीक्षा. असं करत तिसरं वर्ष लागलं. तेवढ्यात शिक्षण खात्याच्या तपासणीचं पत्र आलं. साहेब येणार आणि मुलं कॉम्प्युटरवर काम करताना बघणार. मुख्याध्यापकांचे धाबे दणाणले. मग मात्र शर्ट वर झाला, किल्ली सुटली आणि बाईंच्या हातात आली. देताना ते म्हणाले, "आधी नारळ फोडा. एवढ्या वर्षांनी चालू करून राह्यलात."

बाई म्हणाल्या, "सर, मी नारळ फोडत न्हाई. स्वच्छ पुसून घेते आणि चालू करते."

त्यांनी हे अगदी नम्रपणे सांगितलं होतं. मी तिथं नव्हतो, पण शिपायानं मला नंतर जसंच्या तसं सांगितलं. आणि बाईंनी काम चोख केलं. कव्हरं काढली, हळदीकुंकू ओल्या फडक्यानं नव्हे, कोरड्या फडक्यानं पुसलं, वायरी उंदरानं कुरतडल्या नाहीत ना ते एकेक बघितलं. शनिवारची सकाळची शाळा होती. नववीची चाळीस मुलं अनवाणी उभी होती. बाईंनी मेन स्विच खाली केला. नऊही मशीनला सात वर्षांनी, एका क्षणात, पूर्ण दाबाची वीज मिळाली. तीन मशीन फटाक्यासारखे वाजले. धूर, सडक्या मासळीसारखा वास, पोरांची पळापळ. एकाचा गुडघा फुटला. बाईंनी लगेच खटका वर केला म्हणून बाकीचे वाचले असतील तर वाचले.

दुपारपर्यंत गावभर झालं, बाईनं कॉम्प्युटर जाळले. संध्याकाळपर्यंत त्याला शेपूट फुटलं: नारळ न फोडता चालू केले म्हणून जळले. आणि रविवारी आणखी एक शेपूट, त्यांच्यात न्हाई ना ते, त्यांना काय कळतंय पूजेचं. बोलणारे कोण, तर माझ्यासारखेच. जमीनजुमलावाले, शिकलेले, दोन पोरं इंजिनिअरिंगला घातलेले. ओल्या कागदाच्या डबीचं मरण त्यांनी एका बाईच्या जातीवर नेऊन टाकलं. एवढा संताप मला आयुष्यात फार थोड्या वेळा आला.

सोमवारी मुख्याध्यापकांचा फोन आला. "इंजिनिअर साहेब, अर्जंट या." मी गेलो. तिन्ही पेट्या उघडल्या. बघायलासुद्धा नको होतं. डब्यांची डोकी फाटलेली, आतला तपकिरी कागद बाहेर आलेला. दारात बाई उभ्या होत्या. दोन दिवसांत चेहरा उतरला होता. त्यांनी विचारलं, "दादा, माझं काही चुकलं का?"

"न्हाई बाई. तुमचं काहीच चुकलं न्हाई. बंद ठेवून ठेवून मेलेत हे. कुणीही चालू केले असते तरी फुटले असते."

"मंग एवढं लिहून द्या. गुरुवारी संस्थेची मीटिंग हाय. त्याच्यात माझं कायम करायचं का न्हाई ते ठरणार हाय."

मी म्हटलं, "देतो."

देतो म्हणालो. हा शब्द माझ्या तोंडून गेला तेव्हा मला त्यात काही अवघड दिसलं नाही. अवघड दिसलं ते पाच मिनिटांनी, ऑफिसात. मुख्याध्यापकांनी आपल्या हातानं पंखा लावला, खुर्ची पुढं ओढली. "हाताळणीत निष्काळजीपणा, एवढं लिहा. तुम्ही आपले माणूस. बाईचं काय, आज इथं, उद्या दुसरीकडं." मी म्हटलं, सर, हाताळणीचा काही संबंध नाही, हे कंडेन्सर पडून पडून खराब झालेत. ते म्हणाले, "बघा बुवा विचार करून."

विचार मी एसटीत केला. सात वर्षं बंद होते असं लिहायचं, तर कुणीतरी विचारणार, मग तुम्ही दर वर्षी काय तपासत होता? माझ्या सह्या खोट्या ठरणार. एका शाळेत खोट्या ठरल्या की सगळ्या तालुक्यात बोंब होणार. माझं निम्मं काम शाळांचं. आणि काम जाण्याहून मोठी भीती दुसरीच होती, ती कबूल करायला मला बरीच वर्षं लागली. जालन्यात कॉम्प्युटरचा माणूस म्हणून माझं नाव होतं. ते नाव एका चहावर विकलेलं होतं, हे लोकांना कळलं असतं. तीन दिवस मी डोकं खाजवत बसलो की सह्यांचा कागद मधे न आणता बाईंना कसं सोडवावं. आणि मला वाटलं, सापडलं. मी स्वतःवर खूश झालो. आज त्या हुशारीची शिसारी येते.

गुरुवारी कॉम्प्युटरच्या खोलीत अध्यक्ष, सचिव, दोन सभासद आणि मुख्याध्यापक जमले. बाई खिडकीजवळ उभ्या होत्या. त्यांना बसायला कुणी सांगितलं नाही. अध्यक्ष म्हातारे, मोठे बागायतदार, तसे समजूतदार. त्यांनी मला विचारलं, "काय लिहून आणलं?"

मी म्हटलं, "कागद कशाला पाहिजे अध्यक्ष साहेब? डोळ्यांनीच बघा. जे मशीन त्या दिवशी फुटले न्हाईत, त्यातलं एक घ्या. सर स्वतः नारळ फोडतील, पूजा करतील, सरच बटन दाबतील. तरी फुटलं, तर मंग बाईंचा काय दोष, सांगा?"

सगळ्यांना हे पसंत पडलं. तमाशा कुणाला नको असतो? मुख्याध्यापकांनी क्षणभर माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "बराबर हाय. पण मंग एक नंबरचं करू. पूजेचा पहिला मान त्याचाच असतो." तिथंच माझ्या डोक्यात घंटा वाजायला पाहिजे होती. एक नंबरचा वेगळ्या प्लगवर होता. त्या शनिवारी तो चालूच झाला नव्हता. पण मला वाटलं, हाही सात वर्षं बंदच, त्याच उन्हाळ्यातला, त्याच खेपेला आलेला. मी मान हलवली.

अगरबत्ती लागली. नारळ फुटला. मुख्याध्यापकांनी देवाला करावा तसा मशीनला नमस्कार केला आणि बटन दाबलं. मी दोन पावलं मागं सरकलो, सभासदांनाही मागं सरकवलं. पंखा घरघरला, पडद्यावर पांढरी अक्षरं पळाली, आणि मिनिटाभरात निळा-हिरवा पडदा शांतपणे उजळला. ना धूर, ना वास. सचिवांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्ष म्हणाले, "बघा. शेवटी रीतीनं केलं की होतंय."

मी ओरडलोच. "आता दोन नंबरचं लावा!"

"पुरं आता," अध्यक्ष म्हणाले. "अजून किती जाळायचेत?" आणि सगळे चहाला ऑफिसकडं निघाले. बाई माझ्याकडं बघत होत्या. पडद्याकडं त्यांनी पाहिलंच नव्हतं.

मी तिथंच उभा राहिलो. म्हातारा शिपाई नारळाची करवंटी गोळा करत होता. तो सहज म्हणाला, "हे कशाला फुटंल? सर खेळतेत ना त्याच्यावर पत्ते. रोज दुपारच्याला, दार लावून. कधीच्याच पासून."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. प्लग ओढला, पेचकस काढला, एक नंबरची पेटी उघडली. पॉवर सप्लायच्या पंख्याच्या पात्यांवर बोटभर धूळ, काळी, दबलेली, वर्षांची. पंखा फिरला तरच हवा ओढतो, आणि हवा ओढली तरच पात्यांवर अशी धूळ बसते. मग दोन नंबरची उघडली. पाती कारखान्यातून आल्यासारखी चकचकीत. तीन नंबरची, तशीच. ज्या माणसानं सात वर्षं चारशे पोरांना त्या खोलीत पाऊल ठेवू दिलं नाही, मशीन गरम होतील म्हणून, तो माणूस रोज दुपारी दाराला आतून कडी घालून एकटा पत्ते खेळत होता. आणि त्याच्या पत्त्यांनीच तेवढं एक मशीन जिवंत ठेवलं होतं.

मी एक आणि दोन नंबरच्या पेट्यांतले पॉवर सप्लाय काढले, दोन हातांत धरले आणि ऑफिसात गेलो. टेबलावर बशांच्या मधे ठेवले. "अध्यक्ष साहेब, हे बघा. हा फिरलेला, हा न्हाई फिरलेला. सर याच्यावर रोज खेळत होते म्हणून हा जिवंत हाय. बाकीचे सात वर्षं बंद पडून मेलेत. बाईंचा यात काही संबंध न्हाई." बाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. मला वाटलं, जिंकलो.

मुख्याध्यापक जराही गडबडले नाहीत. त्यांनी कपातला चहा संपवला. टेबलाचा खण ओढला, फाईल काढली, सात कागद एकाखाली एक मांडले.

"बंद कसे होते, मिस्त्री?" ते म्हणाले. सात वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी मला मिस्त्री म्हटलं. "दर साली तुम्हीच तर येता. ही सही तुमचीच ना? दहाही यंत्रे चालू करून तपासली, सुस्थितीत आहेत. यंदाच्या मार्चची पण हाय. मार्चमध्ये चांगले होते, बाईनं हात लावला आन फुटले. मी म्हणून न्हाई राह्यलो, तुमचा कागद म्हणून राह्यला."

अध्यक्षांनी चष्मा लावला, कागद उचलला. "सही तुमची हाय?"

"हो."

"मंग खरं काय? मार्चमध्ये चालू करून बघितले होते का न्हाई?"

साधा प्रश्न होता. त्याचं उत्तर एका शब्दाचं होतं. तो शब्द बोललो असतो तर बाईंवरचा सगळा आरोप तिथल्या तिथं गळून पडला असता. धूळ त्याच बाजूनं बोलत होती, शिपाई बोलला असता, म्हातारा अध्यक्ष ऐकून घेण्यातला होता. फक्त मी खोटारडा ठरलो असतो, एवढंच. पाच माणसं माझ्याकडं बघत होती आणि सहाव्या बाई.

मी म्हणालो, "बघितले होते."

मी मान वर केली तेव्हा दारात कुणी नव्हतं.

ठराव झाला. कागदावर नारळाचा उल्लेख नव्हता, तेवढे ते हुशार होते. लिहिलं, विहित पद्धतीचा अवलंब न करता यंत्रे हाताळल्याने संस्थेचे नुकसान. सेवा पुढे चालू ठेवण्याची शिफारस नाही. विहित पद्धत म्हणजे काय हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला कळत होतं, मलाही.

मी फाट्यावर आलो तर बाई बसची वाट बघत झाडाखाली उभ्या होत्या. हातात पिशवी, पिशवीत प्रयोगशाळेतली त्यांची स्वतःची पुस्तकं. मला तोंड दाखवायची लाज वाटत होती, पण रस्ता एकच, बस एकच. मी जवळ गेलो. म्हणालो, "बाई, मी उद्याच लिहून पाठवतो. शिक्षण खात्याला. सगळं खरं. सह्या खोट्या होत्या, मी खोली उघडून पण बघितली न्हाई, सगळं लिहितो."

त्या रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या म्हणाल्या, "लिहाल तुम्ही दादा. आता माझी नोकरी गेली, आता त्या कागदानं कुणाचंच काही बिघडत न्हाई. आता लिहायला तुम्हाला सोपं हाय."

बस आली. त्या पुढच्या दारानं चढल्या. मी चढलो नाही. दुसरी बस दोन तासांनी होती, तिनं आलो.

माझ्याबद्दलचा बाईंचा तो अंदाजही जरा जास्तच चांगला होता. मी ते पत्र लिहिलं नाही. पहिल्या आठवड्यात कामं होती, दुसऱ्या आठवड्यात शब्द जुळेनात, मग दिवाळी आली. फुटलेल्या मशीनमध्ये मी नवे कंडेन्सर घातले, बाकीचेही बदलले, आणि तपासणी उरकताच मुख्याध्यापकांनी त्यांच्यावर पुन्हा कव्हरं चढवली. मार्चमध्ये फोन आला, इंजिनिअर साहेब, कागद तयार आहे. मी गेलो. खोलीला कुलूप होतं. चहा घेतला आणि सही करून आलो.